प्रश्नोत्तरे : मेसेंजरमध्ये फट दिसली, तर कळवायची कशी?

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (म्हणजे मजकूर फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल अशी सोय) असलेल्या मेसेंजर ॲपमध्ये काही विपरीत दिसले तर पुढे काय करायचे, असे विचारणारी काही पत्रे इथे एकत्र घेतली आहेत. प्रश्नातल्या ॲपची नावे मुद्दाम गाळली आहेत. दुरुस्ती आलेली नसताना नाव छापले, तर कुठे शोधायचे हे नको त्या माणसालाही कळते.

प्रश्न : एका ग्रुपमधून ॲडमिनने मला काढले. फोनवरचा ग्रुप लगेच बंद झाला, पण त्याच खात्याला जोडलेल्या कॉम्प्युटरवर नंतरचे दोन मेसेज आले आणि ते वाचताही आले. ही सुरक्षा त्रुटी म्हणायची का? सोशल मीडियावर टाकले तर कंपनी लवकर हलेल, असे मित्र म्हणतो.

उत्तर : सोशल मीडियावर आत्ता काहीही टाकू नका. तुम्ही म्हणता तसे खरेच होत असेल, तर ते गंभीर आहे. ग्रुपमधून माणसाला काढतात त्यामागे अनेकदा भीती असते. त्रास देणारा जोडीदार असतो, धमक्या देणारा जुना सहकारी असतो. काढल्यावर उरलेले सदस्य मोकळेपणाने बोलू लागतात आणि नेमके तेच बोलणे त्या माणसाच्या कॉम्प्युटरवर उमटत असते. शिवाय या फटीचा फायदा घ्यायला कोणतेही खास ज्ञान लागत नाही. कॉम्प्युटर जोडलेला असला की झाले. म्हणूनच ती जाहीर झाली, तर त्याच संध्याकाळी वापरात येईल.

पण आधी खातरजमा करा. पहिला संशय घ्यायचा तो उशिरा पोचलेल्या मेसेजचा. मेसेज तुम्हाला काढण्याआधीच गेला होता, कॉम्प्युटर स्लीपमध्ये होता आणि जागा झाल्यावर त्याने तो उतरवून घेतला, असे असेल तर त्यात चूक काही नाही. स्क्रीनवरची वेळ पाहून याचा निकाल लागत नाही, कारण काही ॲप मेसेज पाठवल्याची वेळ दाखवतात, काही पोचल्याची.

तीन खाती घ्या, तिन्ही तुमच्याच मालकीची. ‘अ’ ॲडमिन, ‘ब’ काढला जाणारा, ‘क’ साधा सदस्य. ‘ब’च्या खात्याला फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही जोडा. सगळ्या उपकरणांची घड्याळे स्वयंचलित ठेवा. आता ‘क’ने दर दहा सेकंदांनी एक मेसेज पाठवायचा, मजकूर म्हणून फक्त क्रमांक : १, २, ३ असे २० पर्यंत. दहाव्यानंतर ‘अ’ने ‘ब’ला काढायचे. ‘क’च्या स्क्रीनवर ‘ब यांना काढले’ ही ओळ दिसली, की तिच्यानंतर पाठवलेलेच मेसेज मोजायचे. अकरावा मेसेज ती ओळ दिसण्याआधी गेला असेल तर तो सोडून द्या. ‘क’च्या ॲपला तोवर काढल्याची खबरच नव्हती.

हाच प्रयोग प्रत्येक परिस्थितीत दहा वेळा करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कधी कॉम्प्युटर चालू असू दे, कधी स्लीपमध्ये, कधी त्याचे इंटरनेट बंद करून पाच मिनिटांनी सुरू करा. नेमक्या कोणत्या परिस्थितीत मेसेज गळतात हे सापडले, तर अर्धे काम झाले.

हे होते कशामुळे, तेही समजून घ्या. सिग्नल प्रोटोकॉल (सिग्नल या मेसेंजरची एन्क्रिप्शनची पद्धत) वापरणाऱ्या अनेक ॲपच्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याची स्वतःची ‘सेंडर की’ असते. ही किल्ली तो बाकीच्या सदस्यांच्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्रपणे, एकास-एक एन्क्रिप्शन करून देतो, आणि पुढचे मेसेज त्या एकाच किल्लीने बंद करून पाठवतो. कुणी बाहेर पडला की उरलेल्या प्रत्येकाने जुनी किल्ली टाकून नवी वाटायची असते. इथे दोन ठिकाणी घोळ होऊ शकतो. सर्व्हरने काढलेल्या खात्याच्या उपकरणाला मेसेज पोचवणे चालू ठेवले, ही पहिली चूक. पाठवणाऱ्याने किल्लीच बदलली नाही, ही दुसरी. तुम्हाला मजकूर वाचता आला, याचा अर्थ दोन्ही झाल्या असण्याची शक्यता आहे. दुसरी जास्त वाईट. ग्रुपचे गुपित राखायला सर्व्हरवर भरवसा ठेवावा लागू नये, यासाठीच तर हे एन्क्रिप्शन असते.

प्रश्न : मी पाठवलेल्या तीन रिपोर्टना ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ असे उत्तर आले. रूट केलेल्या (म्हणजे सिस्टिमची बंधने काढून संपूर्ण ताबा मिळवलेल्या) फोनवर मेसेजचा डेटाबेस वाचता येतो, ‘सर्वांसाठी डिलीट’ केलेला मेसेज बदललेल्या ॲपमध्ये टिकून राहतो, आणि नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसतो. यात चुकले काय?

उत्तर : तिन्ही निरीक्षणे खरी आहेत, पण एन्क्रिप्शनने दिलेले वचन त्यांपैकी एकानेही मोडत नाही. वचन एवढेच असते की पाठवणारा आणि घेणारा यांच्यामधल्या कुणालाही, अगदी सर्व्हर चालवणाऱ्यालाही, मजकूर वाचता येऊ नये. ज्याच्या हातात उघडा, रूट केलेला फोन आहे तो ‘मधला’ नव्हे. मेसेज ज्याला मिळाला तो त्याची प्रत ठेवू शकतो, आणि डिलीटचे बटण ही त्याला केलेली विनंती असते. रिपोर्ट लिहिण्याआधी एक वाक्य पूर्ण करून पाहा : ‘हल्लेखोराकडे अमुक आहे, त्यावरून त्याला तमुक मिळते, जे मिळायला नको होते.’ ‘अमुक’च्या जागी ‘फोनचा संपूर्ण ताबा’ आला तर बहुतेक वेळा थांबावे.

बहुतेक वेळा म्हणायचे कारण असे की ही रेघ सरकते. सिग्नलच्या डेस्कटॉप ॲपमध्ये स्थानिक डेटाबेसची किल्ली साध्या मजकुरात एका फाइलमध्ये असते, हे २०१८ मध्ये दाखवून देण्यात आले होते. कॉम्प्युटरचा ताबा गेला तर आमचा इलाज नाही, अशी सिग्नलची तेव्हाची भूमिका होती. २०२४ मध्ये मात्र ती किल्ली ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित साठ्यात ठेवायचे काम हाती घेतले गेले. तेव्हा अशी सूचना जरूर करावी. तिला सुधारणा म्हणावे, त्रुटी म्हणू नये.

प्रश्न : ॲपमधल्या मदत केंद्राला लिहिले. ‘ॲप काढून पुन्हा टाका’ असे उत्तर आले. योग्य माणसापर्यंत पोचायचे कसे?

उत्तर : मदत केंद्रातल्या माणसासमोर पासवर्ड विसरलेल्यांची रांग असते. तो तुमचा रिपोर्ट ओळखेल ही अपेक्षाच चुकीची आहे. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलच्या ग्रुप फेसटाइममध्ये समोरच्याने कॉल घेण्याआधीच त्याचा आवाज ऐकू येई. कॉल लावायचा आणि तो वाजत असतानाच स्वतःचा नंबर तिसरा माणूस म्हणून जोडायचा, एवढीच कृती होती. अमेरिकेतल्या एका १४ वर्षांच्या मुलाला ती सापडली. त्याची आई आठवडाभर मिळेल त्या मार्गाने कंपनीला कळवत राहिली. शेवटी २८ जानेवारीला बातमी जगभर पसरली, तेव्हा ग्रुप फेसटाइमची सेवाच बंद करावी लागली, आणि ७ फेब्रुवारीला आयओएस १२.१.४ मधून दुरुस्ती आली. त्या आईचे काही चुकले नाही. दार कुठे आहे, हे बाहेरच्या माणसाला दिसत नव्हते.

ते दार दिसावे म्हणून एप्रिल २०२२ मध्ये आरएफसी ९११६ हा दस्तऐवज आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती लिहून ठेवणारी पत्रके). संस्थेच्या वेबसाइटवर ‘वेल-नोन’ नावाच्या ठरलेल्या फोल्डरात ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ ही साधी फाइल ठेवायची असते. तिच्यात संपर्काचा पत्ता आणि फाइलची मुदत या दोन ओळी सक्तीच्या. एन्क्रिप्शनची किल्ली आणि धोरणाचा दुवा ऐच्छिक. आधी ती फाइल पाहा आणि मुदत उलटलेली नाही ना, तेही पाहा. फाइल नसेल तर वेबसाइटवर सुरक्षा धोरणाचे किंवा बग बाउंटीचे (त्रुटी कळवणाऱ्याला बक्षीस देण्याच्या योजनेचे) पान शोधा. कोड खुला असेल तर गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर त्या प्रकल्पाच्या ‘सिक्युरिटी’ या भागात खासगी रिपोर्टची सोय आहे का, ते तपासा. साधा ‘इश्यू’, म्हणजे तिथली जाहीर तक्रार, उघडू नका. तो सगळ्या जगाला दिसतो, आणि नंतर पुसला तरी ज्यांना ईमेलने गेला त्यांच्याकडे राहतो.

ईमेल पीजीपीने (ईमेल एन्क्रिप्ट करण्याच्या एका पद्धतीने) बंद करून पाठवणार असाल तर तीन गोष्टी नेहमी चुकतात. किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारी, बहुतेक किल्ल्यांची ४० अक्षरांची खूण, दोन वेगळ्या ठिकाणांहून जुळवून पाहायची राहते. स्वतःच्या किल्लीसाठीही एन्क्रिप्ट करायचे राहते, मग आपण पाठवलेले आपल्यालाच उघडत नाही. आणि ईमेलचा विषय सहसा उघडाच जातो. त्यात ‘ग्रुपमधून काढलेल्याला मेसेज दिसतात’ असे लिहिले, तर आतला मजकूर बंद करून उपयोग काय? विषय फक्त ‘सुरक्षा अहवाल’ एवढाच ठेवा.

कधी कधी फट ॲपची नसतेच, त्याने वापरलेल्या लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची असते. सप्टेंबर २०२३ मधली सीव्हीई-२०२३-४८६३ (सीव्हीई म्हणजे त्रुटीला मिळणारा सार्वजनिक नोंद क्रमांक) ही त्रुटी आधी क्रोम ब्राउझरच्या नावाने नोंदली गेली. खरी चूक वेबपी चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत होती, आणि सिग्नल डेस्कटॉपसकट इलेक्ट्रॉन या तयार सांगाड्यावर बांधलेल्या कितीतरी ॲपना नवी आवृत्ती काढावी लागली. असे दिसले तर आधी लायब्ररी सांभाळणाऱ्यांना कळवा. एकाच वेळी अनेक कंपन्यांशी बोलायची वेळ आली, तर ते काम एकट्याने अंगावर घेऊ नका. कार्नेगी मेलन विद्यापीठातले सर्ट (कॉम्प्युटर सुरक्षेच्या प्रसंगी मदत करणारे पथक) समन्वय केंद्र १९८८ पासून हेच करते, आणि बहुतेक देशांत सरकारी सर्टही असते.

प्रश्न : रिपोर्ट कसा लिहावा? नमुना देता येईल का?

उत्तर : रिपोर्ट पहिल्यांदा वाचणारा अभियंता त्याला किती वेळ देईल, याचा विचार करून लिहा. पहिल्या दोन मिनिटांत त्याला हे आपल्याकडे करून पाहता येईल असे वाटले, तर रिपोर्ट पुढे जातो. पहिल्या प्रश्नातल्या त्रुटीचाच नमुना घेऊ :

*सारांश : ग्रुपमधून काढलेल्या खात्याला जोडलेला कॉम्प्युटर काढण्याच्या वेळी ऑफलाइन असेल, तर पुन्हा ऑनलाइन आल्यावर त्याला काढल्यानंतर पाठवलेले मेसेज मिळतात आणि ते वाचता येतात.*

*कुठे तपासले : फोन ॲप, आवृत्ती क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती. कॉम्प्युटर ॲप, तेच तपशील. दोन्ही अधिकृत ठिकाणाहून घेतलेले, त्यात कोणताही बदल केलेला नाही.*

*कृती : १. अ, ब, क या तीन खात्यांचा ग्रुप करा, अ ॲडमिन. २. ब च्या खात्याला कॉम्प्युटर जोडा, एक मेसेज येऊ द्या, मग कॉम्प्युटरचे इंटरनेट बंद करा. ३. अ ने ब ला काढावे. ४. क च्या स्क्रीनवर काढल्याची ओळ दिसल्यावर क ने पाच मेसेज पाठवावेत. ५. पाच मिनिटांनी कॉम्प्युटरचे इंटरनेट सुरू करा.*

*अपेक्षित : पाचपैकी एकही मेसेज येऊ नये. प्रत्यक्षात : पाचही येतात. ऑफलाइन असताना दहापैकी दहा वेळा, सतत ऑनलाइन असताना दहापैकी शून्य वेळा.*

*परिणाम : काढलेल्या व्यक्तीला ग्रुपमधला पुढचा मजकूर वाचता येतो आणि उरलेल्या सदस्यांना त्याची काही खूण दिसत नाही. किती काळ चालते ते तपासलेले नाही.*

*मी काय पाहिले : फक्त माझ्या तीन चाचणी खात्यांचे मेसेज.*

*पुढे : आजपासून ९० दिवसांनी तपशील प्रसिद्ध करण्याचा विचार आहे. दुरुस्ती आधी आली किंवा जास्त वेळ लागणार असेल, तर तारीख बोलून ठरवू.*

‘दहापैकी शून्य’ ही नोंद गाळू नका. त्रुटी कुठे *होत नाही*, हे कळले की शोधायची जागा निम्मी होते. वरच्या नमुन्यात तीच ओळ अभियंत्याला थेट ऑफलाइन रांगेकडे नेते. ‘किती काळ चालते ते तपासलेले नाही’ हेही तितकेच मोलाचे आहे. जे माहीत नाही ते माहीत नाही असे लिहिणाऱ्याच्या बाकीच्या ओळींवर लोक विश्वास ठेवतात.

सोबत स्क्रीनचे रेकॉर्डिंग जोडा, पण एका मिनिटाच्या आत, आणि लेखी कृती दिल्यावर. व्हिडिओ म्हणजे पुरावा. त्यावरून कुणी कोड लिहीत नाही. रेकॉर्ड करताना ‘व्यत्यय नको’ सुरू ठेवा, नाहीतर वर सरकणाऱ्या नोटिफिकेशनमधून तिसऱ्याच माणसाचा मेसेज कंपनीकडे जातो. लॉग देताना फोन नंबर आणि लॉगिन टोकन खोडा, पण वेळेचे आकडे जसेच्या तसे राहू द्या. मिलिसेकंदांवरूनच सर्व्हरच्या नोंदीशी मेळ घालता येतो.

गंभीरतेचा सीव्हीएसएस आकडा मागितला तर द्या, पण त्यावरून हुज्जत घालू नका. त्यापेक्षा परिणामाचे वाक्य धारदार करा. एआयकडून लिहून घेतलेला रिपोर्ट न तपासता पाठवू नका. त्यात अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनची नावे येतात, आणि छोट्या खुल्या प्रकल्पातला एकुलता एक माणूस ती शोधण्यात दिवस घालवतो. तेवढ्या वेळात खरा रिपोर्ट रांगेत मागे पडतो.

प्रश्न : ९० दिवस हा आकडा आला कुठून? आणि मी तितके थांबलेच पाहिजे का?

उत्तर : कायदा तसे काही सांगत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा त्रुटी शोधणाऱ्या गटाने ९० दिवसांची मुदत ठेवली आणि तिचा प्रघात पडला. सर्ट समन्वय केंद्राची मुदत ४५ दिवसांची आहे. फटीचा प्रत्यक्ष गैरवापर चालू असेल तर प्रोजेक्ट झीरो फक्त ७ दिवस देते. २०२१ पासून त्यांनी आणखी एक सुधारणा केली : दुरुस्ती ९० दिवसांच्या आत आली, तर तपशील दुरुस्तीनंतर ३० दिवसांनी प्रसिद्ध करायचे, म्हणजे लोकांना अपडेट घ्यायला सवड मिळते.

मेसेंजरच्या बाबतीत हे शेवटचे ३० दिवस फार महत्त्वाचे वाटतात. चूक सर्व्हरवर असेल तर ती एका रात्रीत सगळ्यांसाठी दुरुस्त होते. चूक फोनमधल्या ॲपमध्ये असेल तर नवी आवृत्ती स्टोअरवर चढल्यावरही जुने फोन आणि महिनोन्‌महिने न उघडलेले कॉम्प्युटर मागे राहतात. कोड खुला असेल तर दुरुस्तीचा बदलच फटीचा पत्ता सांगतो. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की काय बदलले ते दिसते. म्हणून ‘दुरुस्ती आली’ आणि ‘लोक सुरक्षित झाले’ या दोन तारखा वहीत वेगवेगळ्या लिहाव्यात.

नीट पार पडलेली दोन उदाहरणे देतो. टेलिग्रामच्या एमटीप्रोटो या प्रोटोकॉलमधल्या त्रुटी झुरिकच्या ईटीएच आणि लंडनच्या रॉयल हॉलोवे इथल्या संशोधकांनी १६ एप्रिल २०२१ ला कळवल्या आणि १६ जुलैला जाहीर केल्या. त्यातली एक अशी : वाटेतल्या हल्लेखोराला मजकूर वाचता येत नसे, पण फोनकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या मेसेजचा क्रम बदलता येत असे. दोन प्रश्नांना लागोपाठ दिलेली ‘हो’ आणि ‘नाही’ ही उत्तरे उलटी पोचली तर काय होईल, ते सांगायला नको. दुसरे उदाहरण थ्रीमा या मेसेंजरचे. ईटीएचच्याच संशोधकांनी ३ ऑक्टोबर २०२२ ला सात हल्ले कळवले आणि ९ जानेवारी २०२३ ला प्रसिद्ध केले. तोवर कंपनीने नवा प्रोटोकॉलही आणला होता. दोन्ही वेळा मुदत तीन महिन्यांच्या आसपास होती आणि तारीख आधी ठरलेली होती.

उलटही होते. मे २०१८ मध्ये ईमेल एन्क्रिप्शनमधल्या ‘ईफेल’ या त्रुटीची घोषणा १५ तारखेला ठरली होती. आदल्या दिवशीच बातमी फुटली, आणि अर्धवट माहितीवरून लोक काय बंद करायचे यावर गोंधळत राहिले. गुपित जितक्या जास्त जणांकडे, तितकी ती तारीख लवकर फुटते. म्हणून कुणाला सांगितले, केव्हा सांगितले, याची यादी ठेवा.

आणि शांत बसून नुसती वाट पाहू नका. तिसऱ्या दिवशी पोच आली नाही तर पुन्हा लिहा. सातव्या दिवशी दुसऱ्या मार्गाने लिहा. तिसाव्या दिवशी ‘तुमच्याकडे हे करून दाखवता आले का?’ एवढेच विचारा. साठाव्या दिवशी प्रसिद्धीची तारीख पुन्हा कळवा. तरीही काहीच उत्तर नसेल तर सर्टकडे जा. शेवटी जाहीर करायचीच वेळ आली, तर धोका काय आणि वापरणाऱ्याने स्वतःला कसे वाचवावे, ते आधी लिहा. पहिल्या प्रश्नातल्या उदाहरणात ‘ग्रुपमध्ये नको असलेला माणूस होता, तर नवा ग्रुप करा’ हा सल्ला कृती न उघड करताही देता येतो.

प्रश्न : चाचणी करताना कुठे थांबायचे? सर्व्हरवर किती खोल जाता येते, हे पाहिल्याशिवाय गंभीरता कशी कळणार?

उत्तर : फट आहे हे सिद्ध झाले, की तिथेच. दुसऱ्या माणसाचा एक मेसेज दिसला तरी स्क्रीन बंद करा, तो साठवू नका, आणि काय दिसले ते रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणे बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करत बसावे लागते. कंपनीच्या धोरणात ‘सद्भावनेने केलेल्या चाचणीवर कारवाई करणार नाही’ अशा अर्थाचे कलम आहे का, आणि ते कोणत्या सर्व्हरना, कोणत्या ॲपना लागू आहे, ते आधी वाचा. वाचले त्या दिवशीची प्रत जपून ठेवा. धोरणे बदलतात.

चालू सर्व्हरवर भार टाकून ‘तो पडतो का’ हे कधीही पाहू नका. मेसेंजर पडला तर कुणाची तरी मदतीची हाक अडकते. मॅट्रिक्ससारख्या खुल्या मेसेंजर यंत्रणेचा सर्व्हर स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवता येतो, तिथे हवे ते करा.

प्रश्न : एका मध्यस्थाने बाउंटीपेक्षा कितीतरी जास्त रक्कम देऊ केली आहे. खरेदीदार कोण ते सांगत नाही.

उत्तर : विकू नका. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमधली सीव्हीई-२०१९-३५६८ ही त्रुटी उघडकीला आली. कॉल नुसता आला, उचलला नाही, तरी फोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरत होते. सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केल्याचे व्हॉट्सॲपने सांगितले. त्यांत पत्रकार होते, मानवी हक्कांसाठी काम करणारे होते. नाव न सांगणाऱ्या खरेदीदाराला फट विकणे म्हणजे पुढची यादी त्याच्या हाती देणे.

सरळ मार्गातही पैसे मिळतात. प्रोजेक्ट झीरोच्या नताली सिल्व्हानोविच यांना फेसबुक मेसेंजरमधल्या कॉलिंगच्या एका त्रुटीसाठी नोव्हेंबर २०२० मध्ये ६०,००० डॉलर मिळाले, आणि त्यांनी ते दान केले. पण रक्कम किती हे विचारायची वेळ रिपोर्ट दिल्यानंतरची. ‘आधी पैसे, मग तपशील’ असे एक वाक्य लिहिले, की कंपनीचे वकील ते खंडणी म्हणून वाचतील. हॅकरवन किंवा बगक्राउड या बाउंटीच्या वेबसाइटवरून रिपोर्ट देणार असाल तर त्या कार्यक्रमाच्या अटी वाचा. काही ठिकाणी कंपनीच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. ती अट मान्य नसेल तर थेट ईमेलचा मार्ग निवडावा, बाउंटी गेली तरी.

प्रश्न : ‘दुरुस्त केले, धन्यवाद’ असे उत्तर आले. आता माझे काम संपले ना?

उत्तर : अजून एक फेरी बाकी आहे. नव्या आवृत्तीवर तुमची जुनी कृती जशीच्या तशी करून पाहा, मग तिचे भाऊबंद शोधा. एकाच जातीच्या चुका अनेक जागी असतात. २०१९ मध्ये फेसटाइमची ती त्रुटी पाहिल्यावर सिल्व्हानोविच यांनी इतर मेसेंजरमधली कॉल जोडण्याची पद्धत तपासायला घेतली. सप्टेंबरमध्ये सिग्नलच्या अँड्रॉइड ॲपमध्ये सीव्हीई-२०१९-१७१९१ सापडली : बदललेल्या ॲपमधून ‘कॉल जोडला’ हा संदेश पाठवला, की समोरच्याने न उचलताच आवाज सुरू होई. जानेवारी २०२१ पर्यंत त्या यादीत जिओचॅट, मोका, गूगल ड्युओ आणि फेसबुक मेसेंजर यांचीही भर पडली.

ग्रुपच्या प्रश्नात इतकी उदाहरणे घरबसल्या तपासता येतील : माणूस काढला न जाता स्वतःहून बाहेर पडला तर, काढण्याऐवजी ब्लॉक केला तर, खात्याला एकाऐवजी दोन कॉम्प्युटर जोडलेले असतील तर, ॲडमिनचा फोन नव्या आवृत्तीवर आणि ‘क’चा जुन्यावर असेल तर. शेवटचे सर्वात आधी पाहा. दुरुस्ती पाठवणाऱ्याच्या ॲपमध्ये असेल, तर ग्रुपमधल्या एकाने जरी अपडेट घेतले नाही, तरी त्याचे मेसेज जुन्याच किल्लीने जात राहतात. तसे आढळले तर जुन्याच ईमेलच्या साखळीत कळवा, आणि जुन्या आवृत्त्या सर्व्हरकडून केव्हा नाकारल्या जाणार ती तारीख विचारा. सीव्हीई क्रमांक मागायचा असेल तर तोही याच ईमेलमध्ये मागा. प्रसिद्धीची तारीख ती उत्तरे आल्यावर ठरवा.